पाळी लवकर का येते? कारण शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं

चौथी-पाचवीतल्या मुलींच्या आयांचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. कुणीतरी दबकत विचारतं, "आमच्या हिची छाती साडेनवालाच दिसायला लागलीये, तुमच्याकडे कसं?" आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. चिकन बंद करा. पिशवीचं दूध बंद करा. मोबाइल काढून घ्या. एखादी म्हणते, आमच्या वेळी असं नव्हतं हो.

हे शेवटचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. बाकीच्या उपायांकडे नंतर येऊ. पण त्या सगळ्यांत एक गफलत सारखीच आहे, ती म्हणजे जो तो कारण गेल्या सहा महिन्यांत शोधतोय. पहिली पाळी दिसते एका दिवशी. तिची तयारी मात्र त्याआधी दोन-अडीच वर्षं उघडपणे आणि त्याहीआधी कित्येक वर्षं गुपचूप चाललेली असते. काही धागे तर थेट आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांपर्यंत जातात.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तिथून जीएनआरएच नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, ठरावीक अंतराने थोडं थोडं सुटतं. ते शेजारच्या पिट्यूटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं रक्तात सोडते, ती बीजांडकोशांना कामाला लावतात, आणि बीजांडकोश इस्ट्रोजेन बनवतात. स्तनांची वाढ, उंचीची झेप, कंबरेची रुंदी, गर्भाशयाच्या अस्तराची वाढ ही सगळी पुढची कामं इस्ट्रोजेनची. अस्तर पुरेसं वाढून पहिल्यांदा गळून पडतं, ती पहिली पाळी.

गंमत म्हणजे ही यंत्रणा वयाच्या दहाव्या वर्षी नव्याने बसवली जात नाही. तान्ह्या बाळात जन्मानंतर काही महिने ती चालूच असते, मग मेंदू तिच्यावर ब्रेक लावतो, आणि पुढची सात-आठ वर्षं तो लागलेलाच राहतो. म्हणजे 'पाळी कशामुळे सुरू झाली' यापेक्षा 'ब्रेक कशामुळे सुटला' हा प्रश्न जास्त नेमका. ब्रेक सुटायला लागतो तोही हळूच. सुरुवातीला फक्त रात्री, मुलगी गाढ झोपेत असताना, एलएच वाढतं. दिवसा काहीच कळत नाही. आईला छातीत गाठ हाताला लागते तोवर मेंदूचा हा रात्रपाळीचा कारभार कधीचाच सुरू झालेला असतो.

हा ब्रेक सोडणारा हात कुणाचा, हे कळलं २००३ साली. अमेरिकेत बॉस्टनला आणि फ्रान्समध्ये पॅरिसला दोन वेगवेगळ्या चमूंना अशी कुटुंबं सापडली ज्यांच्यातली काही मुलं वयातच येत नव्हती. त्यांच्यात एका विशिष्ट प्रथिनाचा निरोप घेणारं दार बिघडलेलं होतं. ते प्रथिन म्हणजे किसपेप्टिन. (त्याचं जनुक १९९६ साली पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात, कर्करोगावरच्या संशोधनात सापडलं होतं. तिथल्या प्रसिद्ध 'किसेस' चॉकलेटवरून त्याचं नाव पडलं. त्यामुळे चॉकलेट खाल्ल्याने पाळी येते असं कृपया कुणी फॉरवर्ड करू नये.) किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशींना शरीराच्या कानाकोपऱ्यातून निरोप येत असतात: चरबी किती साठली, पोटात अन्न आहे का, आजारपण आहे का, धोका आहे का. म्हणून वयात येण्याच्या वयाचं एकच एक कारण सांगता येत नाही.

या सगळ्याचा क्रम कागदावर नीट मांडला तो ब्रिटिश डॉक्टर जेम्स टॅनर यांनी. लंडनजवळच्या हार्पेन्डेन इथल्या बालगृहातल्या मुलामुलींची वाढ त्यांच्या चमूने वर्षानुवर्षं मोजली, आणि १९६९ साली मार्शल आणि टॅनर यांनी त्यातल्या १९२ मुलींच्या नोंदी छापल्या. आजही बालरोगतज्ज्ञ 'टॅनर स्टेज टू', म्हणजे वयात येण्याची दुसरी पायरी, वगैरे म्हणतात ते तिथूनच आलेलं. त्यांना दिसलं ते आजही बहुतेक मुलींत दिसतं. आधी स्तनांची सुरुवात, मग उंचीची सगळ्यात मोठी उडी, आणि ती उडी ओसरायला लागल्यावर पाळी. स्तन दिसू लागल्यापासून पाळीपर्यंत साधारण दोन ते अडीच वर्षं. त्यामुळे साडेनवाला छातीत गाठ लागली म्हणजे दहाव्या वाढदिवसाला पाळी, असा हिशेब बहुतेक वेळा चुकतो.

आता 'आमच्या वेळी असं नव्हतं' याकडे येऊ. उत्तर युरोपातल्या जुन्या नोंदींनुसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुलींना पाळी सोळाव्या-सतराव्या वर्षी येत असे. त्यातले बरेच आकडे दवाखान्यात आलेल्या गरीब बायकांच्या आठवणींवरचे आहेत, त्यामुळे ते थोडे सैल धरलेले बरे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे वय तेराच्या आसपास आलं आणि मग घसरण बरीच मंदावली. भारतात २००५ च्या एका मोठ्या देशव्यापी घरोघरच्या पाहणीत बायकांनी सांगितलेलं सरासरी वय सुमारे पावणेचौदा निघालं. १९५५ ते १९६४ मध्ये जन्मलेल्यांपेक्षा १९८५ ते १९८९ मध्ये जन्मलेल्यांना पाळी साधारण तीन महिने लवकर आली होती. म्हणजे दशकाला एक महिना. शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींचं वय या सरासरीच्या बरंच खाली आहे.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचे आकडे आणखी बोलके आहेत. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००६ ते २००८ पर्यंत स्तनांची वाढ सुरू होण्याचं वय वर्षभराने खाली आलं, पण पाळीचं वय जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांनी. सुरुवात लवकर, शेवट जवळपास तिथेच, मधला प्रवास लांबलेला. आजच्या आयांना जे दिसतंय ते बहुधा हेच. मुलगी 'मोठी' दिसायला लागते लवकर, पण पाळी त्या मानाने फार पुढे आलेली नसते.

घराण्याचं काय? आई आणि मावशी, दोघींना अकराव्या वर्षी आली असेल तर मुलीलाही लवकर येण्याची शक्यता जास्त, हे आज्यांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या बहिणींच्या पहिल्या पाळीत साधारण दोन-तीन महिन्यांचं अंतर पडतं, तर वेगवेगळ्या बीजांच्या जुळ्यांत वर्षभराचं, असं जुन्या अभ्यासांतही दिसलं होतं. एका पिढीतल्या मुलीमुलींमधला निम्मा किंवा त्याहून जास्त फरक आनुवंशिक असतो असा आजचा अंदाज आहे. २०२४ मध्ये सुमारे ८ लाख स्त्रियांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला, त्यात पाळीच्या वयाशी जोडलेल्या हजाराहून जास्त जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ, काही आठवड्यांचा. पण सगळ्या एकत्र आल्या की फरक पडतो.

आणि नुसतं आईकडे बघून भागत नाही. एमकेआरएन३ नावाचं एक जनुक त्या ब्रेकचा भाग आहे. त्यात बिघाड असला तर मुलं फार लवकर वयात येतात, हे २०१३ साली कळलं. या जनुकाची फक्त वडिलांकडून आलेली प्रत काम करते, आईकडून आलेली मुळातच बंद असते. त्यामुळे एखाद्या बापाला बिघडलेली प्रत त्याच्या आईकडून मिळाली असेल तर त्याला स्वतःला काहीच होत नाही, आणि त्याच्या मुलीला मात्र सहाव्या-सातव्या वर्षी लक्षणं दिसायला लागतात. "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं" हे अशा वेळी दोन्ही बाजूंकडचे लोक प्रामाणिकपणे सांगत असतात.

इथे एक प्रश्न पडायला हवा. निम्मा फरक जनुकांचा असेल, तर शंभर-सव्वाशे वर्षांत युरोपातलं वय तीन-चार वर्षांनी उतरलं कसं? जनुकं इतक्या पटकन बदलत नाहीत. उत्तर असं की एकाच पिढीत, सारखंच खाऊनपिऊन वाढलेल्या दोन मैत्रिणींमधला फरक बराचसा जनुकांचा. आजी आणि नातीमधला फरक परिस्थितीचा. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

परिस्थितीत पहिला नंबर अन्नाचा. १९७० साली रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी मांडलं की मुलीचं वजन साधारण ४७ किलोच्या आसपास पोचलं की पाळी येते. पुढे फ्रिश यांनी वजनापेक्षा चरबीवर भर दिला. नेमक्या आकड्यावर भरपूर वाद झाले आणि तो आकडा टिकला नाही, कारण ४० किलोच्याही मुलींना पाळी येते आणि ५५ किलोच्याही थांबलेल्या असतात. पण मूळ कल्पना वाया गेली नाही. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला लेप्टिनचं जनुक सापडलं. लेप्टिन चरबीच्या पेशींमधून येतं आणि मेंदूला साठ्याचा निरोप देतं. घरातली कर्ती बाई लग्नाची तारीख धरण्याआधी कणगीत धान्य किती ते बघते, तसं मेंदूचं चालतं. धान्य पुरेसं आहे म्हणून तारीख निघते असं नाही, पण कणगी रिकामी असेल तर तारीख निघतच नाही. जन्मतः लेप्टिन न बनणारी मुलं अतिशय लठ्ठ असूनही वयात येत नाहीत, कारण निरोपच पोचत नाही. लेप्टिनची इंजेक्शनं दिली की योग्य वयात सगळं सुरू होतं.

कणगी रिकामी असण्याची उदाहरणं इतिहासात भरपूर. १९९० च्या दशकातल्या युद्धात बोस्नियातल्या वेढ्यात अडकलेल्या स्रेब्रेनित्साच्या मुलींना पाळी उशिरा आली. क्रोएशियात शिबेनिक शहरात आधी खाली येत असलेलं वय युद्धानंतर पुन्हा वर गेलं. लहान वयात कठोर व्यायाम करणाऱ्या मुलींचंही तसंच. बॅले नर्तकींना पाळी पंधराव्या वर्षापर्यंत न येणं नवीन नाही, आणि फ्रिश यांच्याच १९८१ च्या अभ्यासात पाळीआधीच्या प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे पाच महिन्यांचा उशीर दिसला. खर्च जमेपेक्षा जास्त झाला की शरीर थांबतं.

इथवर गोष्ट सरळ आहे. उपास तर उशीर, भरपेट तर लवकर. पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा अभ्यास वेगळाच आहे, आणि तो आपल्याच मुलींचा आहे.

१९७० च्या आसपास आणि नंतर भारतातल्या अनाथालयांतून बरीच मुलं स्वीडनमध्ये दत्तक गेली. पोचली तेव्हा अनेक जणी वयाच्या मानाने खुज्या, हडकुळ्या, जंत आणि जुलाबांनी बेजार होत्या. तिकडे दूध, मांस, औषधं, ऊबदार घर मिळालं आणि त्या भराभर वाढल्या. उंची वाढली, वजन वाढलं, आईबाप खूश झाले. आणि मग आठ-नऊ वर्षांच्या काही मुली वयात येऊ लागल्या. उप्सालाच्या डॉक्टरांनी अशा १०७ मुलींचा मागोवा घेऊन १९९१ साली निष्कर्ष छापले. त्यांच्या पहिल्या पाळीचं मधलं वय होतं ११.६ वर्षं. सगळ्यात लवकर पाळी आलेली मुलगी ७.३ वर्षांची होती. स्वीडिश मुलींचं सरासरी वय तेव्हा १३ होतं, भारतातल्या सुखवस्तू मुलींचं साडेबारा-पावणेतेरा. गरिबीत राहिलेल्यांचं त्याहून जास्त. म्हणजे या मुली ना इथल्यांसारख्या राहिल्या ना तिथल्यांसारख्या झाल्या; त्या दोघींच्याही पुढे गेल्या. आणि सगळ्यात लवकर पाळी कुणाला आली? ज्या पोचल्या तेव्हा सगळ्यात खुज्या होत्या आणि नंतर सगळ्यात झपाट्याने वाढल्या, त्यांना.

पुढचा भाग जास्त चटका लावणारा. लवकर आलेल्या इस्ट्रोजेनने हाडांची टोकं लवकर जुळली, उंची थांबली. मिळवलेली उंची अशी हातातून गेली. या मुलींची शेवटची उंची सरासरी सुमारे १५४ सेंटिमीटर राहिली, काही तर १४५ पर्यंतच थांबल्या.

याचा अर्थ त्यांना उपाशी ठेवायला हवं होतं असा नाही, हे सांगायची वेळ येऊ नये. पण दोन गोष्टी त्यातून कळतात. एक, फक्त भरपूर अन्न हे कारण नाही. टंचाईतून सुबत्तेत पडलेली उडी हे कारण आहे. आधीच्या उपासमारीत काटकसर शिकलेलं शरीर अचानक आलेलं अन्न चरबीत टाकतं, इन्सुलिन आणि वाढीची संप्रेरकं चढतात, आणि मेंदूला निरोप जातो की आता हरकत नाही. दोन, जन्मल्यापासूनची पहिली काही वर्षं इथे मोजली जातात, दहावं वर्ष नाही. जन्माला कमी वजनाचं आणि पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने भरलेलं बाळ पुढे लवकर वयात येण्याकडे झुकतं, हे इतर देशांतल्या अभ्यासांतही दिसलंय.

आता हे महाराष्ट्राला लावून बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण स्नायू कमी भरलेले असताना त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. अशा बाळाला आपल्याकडे 'अशक्त' म्हणून तूप-साखर, बिस्किटं, फॅरेक्स, पुढे मॅगी आणि सॉफ्ट ड्रिंक. खेड्यातली आजी, चाळीतली आई, टॉवरमधली नात. स्वीडनला विमानाने गेलेल्या मुलींनी जी उडी काही महिन्यांत मारली ती आपली कुटुंबं दोन-तीन पिढ्यांत मारतायत. हा माझा अंदाज आहे, सिद्धांत नव्हे. पण आयांच्या ग्रुपवरच्या प्रश्नाचं मोठं उत्तर मला चिकनपेक्षा इथे दिसतं.

बरं, चिकनचं काय? ब्रॉयलर कोंबडी सहाएक आठवड्यांत दोन किलोची होते ती निवडक पैदास, खाद्य आणि चोवीस तासांच्या निगराणीमुळे. हजारो कोंबड्यांना एकेक करून हार्मोनचं इंजेक्शन देणं कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणारं नाही. पोल्ट्रीत अँटिबायोटिक्सचा अतिरेक हा खरा आणि गंभीर प्रश्न आहे, पण तो वेगळा. दुधाचंही तसंच. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून चोरून दिलं जातं ते ऑक्सिटोसिन. त्या जनावरावर तो अत्याचारच आहे. पण ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी, पोटात गेली की डाळीतल्या प्रथिनासारखी पचून जाते. शिवाय ते इस्ट्रोजेन नव्हेच. ते कळा आणि पान्ह्याचं संप्रेरक आहे. लहानपणी प्राणिज प्रथिनं जास्त खाणाऱ्या मुलींना पाळी थोडी आधी येते असं काही अभ्यासांत दिसतं, पण त्याचं कारण बहुधा साधं आहे: चांगलं पोषण, जलद वाढ. गोड पेयांबद्दल मात्र सावध राहायला जागा आहे. अमेरिकेतल्या हजारो मुलींच्या एका अभ्यासात रोज दीडपेक्षा जास्त ग्लास किंवा कॅन गोड पेय पिणाऱ्यांना पाळी २.७ महिने आधी आली होती, वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावरसुद्धा.

रसायनांबद्दल भीती पूर्ण खोटी नाही. १९७३ साली अमेरिकेत मिशिगन राज्यात एका कारखान्यातून भयंकर घोटाळा झाला. गुरांच्या खाद्यात घालायच्या पुडीऐवजी आगरोधक रसायनाच्या, पीबीबीच्या, गोण्या गेल्या. ते दुधात-मांसात उतरलं आणि लोकांच्या अंगात. त्या काळात ज्या आयांच्या अंगात हे रसायन जास्त होतं आणि ज्यांनी मुलींना अंगावर पाजलं, त्या मुलींना पाळी सरासरी ११.६ व्या वर्षी आली, इतरांना १२.२ ते १२.६ व्या. रसायनाचा परिणाम होऊ शकतो हे इथे दिसलं, पण मात्रा प्रचंड होती. रोजच्या प्लॅस्टिकमधल्या थॅलेट्स, बीपीए वगैरेंबद्दलचे अभ्यास उलटसुलट आहेत. बेल्जियममध्ये दत्तक किंवा स्थलांतरित होऊन आलेल्या, लवकर वयात आलेल्या मुलींच्या रक्तात डीडीटीचा अवशेष जास्त सापडला होता, तेव्हा स्वीडनच्या मुलींच्या गोष्टीतही कीटकनाशकांचा हात असेल अशी शंका आहे. गरम वरण प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नये, मुलीला आईचं क्रीम फासू नये, एवढं पाळायला खर्च येत नाही.

मनावरचा ताण कुठल्या बाजूने खेचतो? इथे दोन प्रकारचे त्रास वेगळे धरावे लागतात. उपासमार, अभाव यांनी उशीर होतो किंवा फारसा फरक पडत नाही. पण घरातली मारहाण, भीती, लैंगिक अत्याचार अशा धोक्याच्या वातावरणात वाढलेल्या मुली लवकर वयात येण्याकडे झुकतात, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं. कोविडच्या टाळेबंदीनंतर इटलीपासून पुण्यापर्यंत बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे फार लवकर वयात आलेल्या मुलींची गर्दी वाढली. घरी बसून वाढलेलं वजन, बिघडलेली झोप, ताण, स्क्रीन, की चोवीस तास घरात असल्याने आईच्या आधी लक्षात आलं, याचा उलगडा झालेला नाही. मोबाइलच्या प्रकाशाला थेट जबाबदार धरण्याइतका पुरावा माणसांत नाही. मोबाइल घेऊन लोळत खाल्लेल्या चिप्सबद्दल मात्र मी पैज लावायला तयार आहे.

एक समजूत मात्र पार मोडीत निघालेली आहे, ती म्हणजे उष्ण हवेत मुली लवकर वयात येतात. युरोपातले डॉक्टर शतकानुशतकं हे मानत. मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनी १८३० ते १८४० च्या दशकांत हिंदुस्थानासह ठिकठिकाणचे आकडे मागवून दाखवलं की हवामानाचा तसा संबंध नाही. फरक लग्नाच्या चालीरीतींचा आहे. तरी ही समजूत इथल्या राजकारणात येऊन बसलीच. १८९१ चा संमतिवयाचा, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाचा, कायदा झाला तेव्हा वाद पेटला तो याच प्रश्नावर. पहिल्या पाळीनंतर लगेच गर्भाधान व्हायलाच हवं असं सनातनी मंडळी म्हणत, आणि संमतीचं वय दहावरून बारावर नेलं तर बाराच्या आत न्हाण आलेल्या मुलींचं काय, असा त्यांचा सवाल होता. टिळकांनी सरकारने यात पडू नये म्हणून विरोध केला, रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधार देऊन कायद्याची बाजू घेतली. न्हाण येण्याचं वय तेव्हा मुलीच्या जिवाशी जोडलेलं होतं, कारण त्याच्या आदल्याच वर्षी कलकत्त्याच्या अकरा वर्षांच्या आसपासच्या फुलमणी दासीच्या, नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधामुळे झालेल्या मृत्यूचा खटला गाजला होता.

आज प्रश्न तितका भीषण नाही, पण काळजीला जागा आहे. पाळी जितकी लवकर तितका आयुष्यात इस्ट्रोजेनचा संपर्क जास्त. २०१२ मध्ये ११७ अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात, पाळी एक वर्ष आधी येण्यामागे स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मूळ धोकाच कमी असल्याने त्यावर पाच टक्के म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही. चौथीतल्या मुलीला पॅड कसं बदलायचं ते शाळेच्या बाथरूममध्ये, जिथे कडी लागत नाही आणि डस्टबिन नाही, तिथे जमवावं लागतं, हा मला जास्त रोजचा प्रश्न वाटतो.

डॉक्टरकडे कधी जायचं? आठव्या वर्षाच्या आत स्तनांची वाढ दिसली, किंवा दहाच्या आत पाळी आली, तर नक्की. तिथे बहुधा डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढतात. डॉक्टर तो उजेडाला धरून मनगटातली छोटी हाडं किती जमली, बोटांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेची काळी रेघ अजून किती रुंद आहे, अंगठ्याच्या मुळाशी तिळाएवढं हाड उगवलंय का, हे एका जुन्या चित्रसंग्रहाशी ताडून बघतात. त्या संग्रहातली मुलं १९३० च्या दशकातली, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची, खात्यापित्या घरची, तरी अजून तोच चालतो. मुलगी आठची आणि हाडं साडेदहाची निघाली तर उंची हातची जाणार हे कळतं. मग महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन देऊन ब्रेक पुन्हा लावता येतो, आणि योग्य वयात सोडता येतो. साडेनऊ-दहाला छाती दिसू लागलेल्या, नीट वाढणाऱ्या मुलीला याची गरज नसते. तिच्यावर असा ब्रेक लावून उंची वाढत नाही, तरी 'दोन इंच वाढवून द्या' म्हणून मागणी होते.

उलट बाजूला आपलं लक्ष कमी जातं. तेरापर्यंत स्तनांची सुरुवातच नाही, किंवा पंधरापर्यंत पाळी नाही, तर 'येईल हळूहळू' म्हणून बसू नये. थायरॉइड, क्षयरोग, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिॲक आजार, टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांचा जन्मजात दोष, अशी कारणं निघू शकतात. नंदुरबार, गडचिरोली, गोंदियाकडे सिकलसेलच्या मुलींत पाळी वर्ष-दोन वर्षं उशिरा येते, तिथे आधी रक्ततपासणी झालेली बरी. आणि एखाद्या मुलीच्या ओटीपोटात दर महिन्याला ठरावीक दिवशी दुखतंय पण रक्त नाही, असं असेल तर पाळी आलेली असू शकते, फक्त योनीमुखावरच्या न उघडलेल्या पडद्याने ती आत अडकलेली असते. छोट्या शस्त्रक्रियेने मोकळी होते. 'नाटकं करते' म्हणून अशा मुली महिनोन्‌महिने घरी दुखणं काढतात.

तपासणीला जाताना शाळेच्या आरोग्य कार्डावरच्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी, मुलीचं जन्माचं वजन, आईला आणि दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांना पाळी कितव्या वर्षी आली, आणि वडिलांच्या उंचीची झेप केव्हा झाली, एवढं कागदावर लिहून न्यावं. पाळीनंतर उंची थांबते असं म्हणतात, पण सरासरी पाच ते सात सेंटिमीटर अजून वाढते, लवकर आलेल्यांत थोडी जास्तच. पहिली एक-दोन वर्षं पाळी पुढेमागे होते, तीही बहुधा काळजीची गोष्ट नसते.